धुकं काढलेलं गाव

दुपारची भांडी आवरली की धोंडूबाई पदराला हात पुसत मुलाच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "चल रे दीपेश, घरा जाऊन येऊ."

दीपेश ऐरोलीच्या एका बॅक ऑफिसात होता. तिथली गिऱ्हाइकं सातासमुद्रापलीकडची, त्यामुळे त्याची पाळी संध्याकाळी सुरू व्हायची आणि दुपार मोकळी असायची. आई आली की तो हातातलं काम बाजूला ठेवून जुना कॉम्प्युटर चालू करी. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागे. धोंडूबाई प्लास्टिकचं स्टूल ओढून पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसे.

घर होतं ते पडद्यावर. खरं घर विमानतळात गेलं होतं. टेकडी सपाट झाली, तळं बुजलं, गावातली माणसं उलव्यात आणि आसपास विखुरली. पण 'पोर्ट सलिना' नावाच्या एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये, एका बेटाच्या टोकाला, दीपेशने आपल्या घराच्या भिंती लावून ठेवल्या होत्या.

तो गेम त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. एक अख्खं बेट, त्यात शहर, रस्ते, गाड्या, समुद्र. काही जिंकायचं नसलं तरी चालायचं. वाटेल तिकडे नुसतं भटकत राहावं. बेटाच्या उत्तर टोकाला कोळ्यांची एक वस्ती होती. तिथल्या घरांच्या भिंती म्हणजे चिकटवलेली चित्रंच होती. ती काढून आपली चित्रं चिकटवता येतात हे दीपेशला कळलं, आणि त्याला तो नादच लागला. त्याने मोबाइलवर आपल्या घराचे फोटो काढले आणि वस्तीतल्या एका घराला लावले. निळा रंग, दाराची चौकट, ओट्याच्या लाद्या. शेजारच्या हिरामणकाकांची पत्र्याची पडवीसुद्धा लावली, कारण ती नसती तर आपलं घर ओळखूच आलं नसतं.

गेममधला माणूस होता बनियन घातलेला, कमरेला पिस्तूल लावलेला गोरा गुंड. धोंडूबाईला त्याचं काही वाटायचं नाही.

"हल्लू चालव त्याला. पलतंय कशाला? कोन मागं लागलाय त्याच्या?"

"आये, पोलीस लागलेत."

"लागू दे. आपल्या घरा येनार नाय ते." आणि तो गुंड ओट्यावर चढला की, "चपला काढायला सांग मेल्याला."

"त्याचे बूट निघत नाहीत गं."

"मग भायेरच उभा ऱ्हा म्हना."

तो बाहेरच उभा राहायचा. त्याला तिथंच उभं करायचं असे. दाराच्या उजव्या अंगाला, निळ्या भिंतीवर, पिवळ्या रंगाचा एक हात होता. धोंडूबाई त्या हाताकडे बघत बसायची. चहा होईपर्यंत.

तो हात योगिनीचा.

योगिनी दीपेशची धाकटी बहीण. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला फट ठेवायची नाही, आणि हसली की गल्लीच्या टोकाला कळायचं. भावाच्या गेमची ती यथेच्छ टिंगल करायची. "दादा, लगीन झाल्यावर वयनीला पन ह्याच गावात नांदवनार काय?" तिचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा मात्र तीच मागे लागली. त्यांच्या घराची रीत अशी, की सासरी निघालेल्या मुलीने हळदीत दोन्ही हात बुडवून दाराशेजारच्या भिंतीवर थापे द्यायचे, म्हणजे ती गेली तरी घर तिला विसरत नाही. थापे देऊन झाल्यावर, भरल्या हिरव्या चुड्यात, डोळे पुसत ती भावाला म्हणाली, "त्यातला एक तुज्या गेमात लाव हां. माजी आठवन आली का तिथं जाऊन हात मिलवत जा."

दीपेशने फोटो काढला. गेम लहान चित्रंच घ्यायचा. मोठं दिलं की बंद पडायचा. म्हणून त्याने दोनांतला एकच हात ठेवला, चित्र कापलं, दाबून दाबून तिकिटाएवढं केलं आणि लावलं. लग्नाचं सगळं उरकेपर्यंत मोबाइलची मेमरी वऱ्हाडाच्या फोटोंनी भरली होती. काहीतरी काढायला हवं होतं. भिंतीवरचे थापे काय, रोजच समोर होते. त्याने मोठा फोटो काढून टाकला.

दुसऱ्याच वर्षी योगिनी काविळीने गेली. बाविसाव्या वर्षी.

त्यानंतर धोंडूबाई रोज सकाळी अंगणात पाणी मारून आली की भिंतीवरच्या थाप्यावर आपला हात ठेवायची. कोणाला सांगून नव्हे, आणि कोणी बघतंय म्हणून थांबायचीही नाही. मग गाव उठायची नोटीस आली. सगळी आळी सामान बांधत होती, पत्रे, खिडक्या, कौलं काढून टेम्पोत टाकत होती. धोंडूबाईने फक्त भिंतीचा तेवढा तुकडा मागितला. नवरा धर्मा छिन्नी-हातोडी घेऊन बसला. आयुष्यभर खाडीत होडी घातलेला माणूस. दोरी, जाळं, वल्हं यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण गवंडीकाम त्याला येत नव्हतं. त्याने चारी बाजूंनी चर पाडली, खाली गोणपाट धरलं. शेवटचा घाव बसला आणि जुना गिलावा एकदम सुटला. गोणपाटात पिवळी-निळी माती पडली. धर्मा ती माती ओंजळीत घेऊन बराच वेळ बसून राहिला. नंतर त्याने होडी विकली आणि मासे खाणंही कमी केलं. ह्या विषयावर तो घरात एक शब्द बोलत नसे. पडद्यावरच्या घराकडे त्याने कधी मान वळवून पाहिलं नाही.

म्हणजे योगिनीचा हात उरला तो गेममधला.

तो हात तसा दिसत नसे. निळ्यावर एक पिवळा डाग, त्याला वर चार-पाच शेंडे. त्या जुन्या गेममध्ये सगळीकडे धुकंही असायचं. पंचवीस-तीस पावलांपलीकडचं काही दिसायचं नाही. धोंडूबाईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या लेखी सगळं जगच तसं होतं. "ही बघ वाकडी करंगली," ती बोट लावून दाखवायची. लहानपणी योगिनीची करंगळी होडी आणि धक्क्याच्या मध्ये सापडून वाकडी झाली होती. पडद्यावर करंगळी नव्हती, वाकडी नाही न् सरळ नाही. पण दीपेश म्हणायचा, "हो गं, तीच." काही वर्षांनी त्यालाही ती दिसायला लागली होती.

गेल्या हिवाळ्यात धोंडूबाईचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाली तशी ती घरभर फिरली. सुनेला म्हणाली, "जागृती, तुज्या गालावर तीळ हाय? मना कोनी सांगितला नाय!" खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे कपडे मोजले. आणि दुपारी स्टुलावर येऊन बसली.

दीपेशने गुंडाला भिंतीसमोर उभं केलं.

धोंडूबाईने चष्मा लावला, काढला, परत लावला. पुढे झाली, मागे झाली.

"दीपेश, माजे डोले बरे झाले ना?"

"झाले की."

"मग ह्यो हात असा कया दिसतंय?"

दीपेशने गुंडाला भिंतीच्या एक पाऊल जवळ नेलं.

"म्हंजे त्या डोल्यांचा दोष नव्हता," ती म्हणाली. मग तिनेच तोड काढली. "ह्या तुज्या गेमचा पन मोतीबिंदू काडता येतो का रे?"

आणि नेमकं त्याच महिन्यात 'पोर्ट सलिना'चं रीमास्टर येत होतं. जुनाच गेम, नव्याने घासूनपुसून उजळलेला. जाहिरातीत तेच बेट, पण दगडावरचं शेवाळ दिसत होतं, पाण्यात आभाळ दिसत होतं. शिवाय कंपनीने एक सोय दिली होती: जुन्या खेळाडूंनी स्वतः लावलेली चित्रं तिच्यात टाकली की यंत्र ती मोठी आणि स्पष्ट करून देणार होतं. दीपेशने ती जाहिरात आईला दाखवली आणि दाखवताक्षणी त्याला पश्चात्ताप झाला, कारण धोंडूबाईने ती सगळ्या मजल्याला सांगितली. "माज्या योगिनीचा हात उजलवून देनार हायेत."

ऑफिसात रूपेश त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. दोघांचा गेम एकच, वेड एकच. रूपेशने पहिल्याच दिवशी रीमास्टर घेतलं होतं. दीपेशने त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"घेण्यासारखा आहे का?"

"भाई, नको. सपशेल नको." रूपेशने समोसा खाली ठेवला. "त्यांनी धुकं काढलंय. डोंगरावर उभा राहा, दोन्ही बाजूचा समुद्र दिसतो. आपण वर्षानुवर्षं फिरत होतो ना, वाटायचं केवढं बेट! ढोकळ्याच्या तुकड्याएवढं आहे रे."

"आणि ते चित्रं मोठी करतात ते?"

"ते तर विचारूच नको. मी माझ्या कोंबडीचा फोटो टाकला होता, आठवतंय? तिला आता दात आहेत." रूपेश स्वतःच हसला. मग मित्राचा चेहरा बघून थांबला. "सीरियसली सांगतो. जुन्या चित्रात नाही ते हे यंत्र कुठून आणणार? अंदाजाने भरतं. आपल्याला दिसलं नाही तर आपण गप्प बसतो, हे गप्प बसत नाही. तुला कशाला हवंय?"

"असंच," दीपेश म्हणाला.

त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. चित्र त्याने स्वतःच्या हाताने दाबून लहान केलं होतं. त्यातून काय काय गेलं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी ऐरोलीहून घरी येईपर्यंत त्याच्या मनाने दुसरी बाजू रचली. एखादी रेघ कुठंतरी शिल्लक असेल. यंत्रं हल्ली काय वाटेल ते करतात. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडी आपल्याला तारत नाही हे बुडणाऱ्यालाही कळत असतं. हात मात्र पुढे होतोच.

घरी जागृतीने सरळ विचारलं, "आणि नाही दिसला तर?"

"तर जुना आहेच."

"आईंना आता जुना चालेल?"

सोफ्यावर वर्तमानपत्र धरून बसलेला धर्मा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर बोलला. पेपर खाली न करता म्हणाला, "मी भिंत फोडली. आथा तू फोड."

"बाबा, मी फोडत नाही, नीट करतोय."

"मी पन नीटच काडत व्हतो."

आतून धोंडूबाईचा आवाज आला, "अवो, तुमाला बगायचा नसेल तर नका बगू. पोराला अपशकून करू नका." धर्माने पान उलटलं.

दीपेशने गेम घेतला, जुन्या कॉम्प्युटरला तो झेपणार नाही म्हणून जागृतीच्या लॅपटॉपवर घातला, आणि निकाल न पाहताच आपली चित्रं यंत्राला दिली.

रविवारी दुपारी धोंडूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आली. कपाळाला ठसठशीत कुंकू. जागृती दाराला टेकून उभी राहिली. धर्मा बाहेरच्या खोलीत होता, पण टीव्हीचा आवाज त्याने बंद केला होता.

पडदा उजळला आणि धोंडूबाईच्या तोंडून "अगो बाय" निघालं. समुद्र खरोखरीचा वाटत होता. धक्क्यावरच्या लाकडाच्या गाठी दिसत होत्या. गुंडाच्या बनियनला घामाचे डाग होते. "आंगोल घाला म्हनावं ह्याला," ती म्हणाली, आणि जागृती खुदकन हसली. दीपेशलाही वाटलं, जमलं की काय.

मग त्याने वस्तीची वाट धरली. पूर्वी धुक्यातून एक एक घर पुढे यायचं: आधी विहीर, मग हिरामणकाकांची पडवी, मग आपला ओटा. चालत असल्यासारखं वाटायचं. आता वळणावरच सगळं एकदम समोर आलं. आठ-दहा घरं, त्यांच्या मागे लगेच समुद्र, आणि समुद्राच्या पुढे एक सरळ कड. तिथे समुद्र संपत होता आणि जगही.

"गाव एवढाच व्हता?" धोंडूबाईने विचारलं.

"ते गेममधलं आहे आये. आपलं मोठं होतं."

"हां," ती म्हणाली. पण तिच्या आवाजातला आधीचा हुरूप ओसरला होता. तिची नजर हिरामणच्या पडवीवर होती. पडवीचा पत्रा स्पष्ट झाल्यामुळे आता तो पत्रा वाटत नव्हता, भिंतीवर कोणी पत्र्याचं चित्र असलेलं कॅलेंडर लावावं तसा दिसत होता.

ओटा आला. गुंड नेहमीच्या जागी उभा राहिला. दीपेशने दाराच्या उजव्या अंगाला नजर वळवली.

हात होता. लख्ख. हळदीच्या पिवळ्या रंगात तळव्यावरच्या रेषा उमटलेल्या. पाच बोटं, लांबसडक, निमुळती. नखांच्या जागी गोलाई. करंगळी सरळ, शेजारच्या बोटाला लागून नीट उभी. सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीत असतो तसा सुरेख हात.

बाहेरच्या खोलीतून पावलं वाजली आणि धर्मा दारात आला. सुनेच्या खांद्यावरून त्याने पाहिलं. त्याला बायकोचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "चांगला आयलाय की. चांगला हाय हात."

"कोनाचा?" धोंडूबाईने विचारलं.

धर्मा उलटपावली गेला.

"आये, थांब," दीपेशचे हात कीबोर्डवर धावायला लागले. "थांब, जुना लावतो. जुना आहे, काही गेलं नाही." आणि खरंच काही गेलं नव्हतं. नवं बंद झालं, जुनं सुरू झालं, पंखा घरघरला, धुकं आलं. विहीर आली, पडवी आली, ओटा आला. निळी भिंत आली आणि तिच्यावर तो पिवळा डाग, वर चार-पाच शेंडे.

"हे बघ. हा आपला. ही बघ वाकडी करंगळी." आईची वाक्यं तो आईला म्हणून दाखवत होता.

धोंडूबाईने चष्मा नीट केला. तिने मनापासून बघितलं. मुलाचं मन राखावं म्हणून तिने खूप प्रयत्न केला हे जागृतीला दारातून दिसत होतं.

"डाग हाय, बाला," शेवटी ती म्हणाली. "हलदीचा डाग हाय. तू कशाला वायीट वाटून घेतंस?" तिने स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरल्यावर ती दारात आली नाही. बाल्कनीत तांदूळ निवडत बसली. तिसऱ्या दिवशी दीपेशनेच हाक मारली, "आये, घरा जायचं?" तर म्हणाली, "तू जा. मना हितं काम हाय." काम काही नव्हतं. तांदूळ निवडून झालेले होते.

तो एकटाच गेला. गुंडाला भिंतीसमोर उभं करून त्याने डागाकडे टक लावली. इतकी वर्षं दिसत होती ती करंगळी तो शोधत होता. पण डागातून हळूहळू वर यायला लागली ती लांबसडक सरळ बोटं, यंत्राने काढलेली. त्याने डोळे मिटले, योगिनी आठवली. तिचं हसणं आठवलं, चुडा आठवला. हातावर आला की पुन्हा तीच बोटं. त्याने कॉम्प्युटर बंद केला.

योगिनीच्या लग्नाचा अल्बम जागृतीने काढून पाहिला होता. फोटोत योगिनीच्या हातांवर मेंदी होती, मुठीत तांदूळ होते, एकात नवऱ्याचा हात वर होता. चेहरा सगळीकडे होता. करंगळी कुठंच नव्हती. जागृतीने अल्बम कोणाला न दाखवता परत ठेवला.

पुढच्या रविवारी चौघं दुपारी जेवायला बसली होती. भरलेला पापलेट होता. धर्माने एक तुकडा घेतला होता आणि तो बाजूला सारून भात खात होता. गेमविषयी आठवडाभर घरात कोणी बोललं नव्हतं. धोंडूबाई मुलाच्या ताटात आमटी वाढता वाढता म्हणाली,

"दीपेश, आपल्या योगिनीची बोटां तशीच व्हती का रे? लांब?"

"नाही आये." त्याचा घास हातातच राहिला. "तशी नव्हती. करंगळी वाकडी होती ना तिची. तूच दाखवायचीस."

"व्हय. वाकडी व्हती." ती पातेल्यात डाव बुडवून थांबली. "कंच्या हाताची?"

"उजव्या," दीपेश म्हणाला.

"डाव्या," त्याच वेळी धर्मा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धर्माने आपला डावा हात ताटावर धरला, होडीच्या काठावर ठेवावा तसा, मग उजवा धरला, आणि दोन्ही खाली घेतले. दीपेश बोलायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की उजव्या हे आपण आठवून म्हटलं नव्हतं. ते नुसतं तोंडातून आलं होतं.

धोंडूबाई एकदा मुलाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे आता स्वच्छ होते. दोघांच्या चेहऱ्यावरचं तिला सगळं दिसत होतं.

"जेवा," ती म्हणाली. "आमटी निवतंय."